वीज वाचवा म्हणणारी वीज कंपनी : शोनाऊचं प्रकरण

पार्श्वभूमी

शोनाऊ हे जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराळ भागातलं साधारण अडीच हजार वस्तीचं गाव. स्वित्झर्लंडची हद्द तिथून जवळ. माणसं चर्चला नेमाने जाणारी, मतदानात पुराणमतवादी पक्षाच्या मागे उभी राहणारी, चळवळींपासून चार हात लांब. अणुऊर्जेविरुद्धचा जर्मनीतला एक चिवट लढा इथे उभा राहील असं कुणाला वाटलं नसतं. तो वीजबिलातल्या एका रकान्यावरून पेटेल असं तर मुळीच नाही.

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. पुढच्या काही दिवसांत किरणोत्सारी कण वाऱ्याबरोबर युरोपभर पसरले आणि जिथे पाऊस झाला तिथे जमिनीवर उतरले. दक्षिण जर्मनी त्यात सापडली. मुलांना वाळूत खेळायला सोडायचं का, ताजं दूध द्यायचं का, परसातली पालेभाजी खायची का, हे प्रश्न घरोघरी येऊन बसले. शोनाऊतल्या काही आईवडिलांनी मिळून ‘अणुमुक्त भविष्यासाठी पालक’ असा एक गट काढला. गावातले डॉक्टर मिखाएल स्लाडेक आणि त्यांच्या पत्नी उर्सुला, पाच मुलांचे आईवडील, हे त्यातले पुढे जगाला माहीत झालेले चेहरे.

या गटाचं वेगळेपण सुरुवातीपासून दिसतं. मोर्चे देशात इतरत्र निघत होतेच. यांनी विचार केला तो आपल्या घरातल्या मीटरचा. अणुवीज नको म्हणायचं आणि घरात वीज वाट्टेल तशी वापरायची, हे त्यांना पटेना. मग त्यांनी वीजबचतीच्या स्पर्धा घ्यायला सुरुवात केली. कोणाचं घर किती युनिट वाचवतं याची चुरस लागली, विजेत्यांना बक्षिसं मिळू लागली. बचतीवर विनोदी कार्यक्रम करणारं एक हौशी पथकही उभं राहिलं, त्याचं नाव ‘वॉटकिलर’. किरणोत्साराच्या भीतीतून जन्मलेल्या गटाने लोकांना हसवायचं ठरवलं, हे मला त्यांच्या सगळ्या निर्णयांत सर्वांत शहाणपणाचं वाटतं. घाबरलेला माणूस दोन महिने दिवे बंद करतो आणि मग कंटाळतो.

अडचण : बिलातली गोम

स्पर्धेत उतरणारी माणसं मीटर वाचायला शिकतात. जुना डीप फ्रीझर किती खातो, पाणी तापवायला किती लागतं, हे आकड्यांत कळू लागतं. आणि मीटर वाचायला शिकलेला माणूस पुढची पायरी म्हणून बिल वाचतो. तिथे गोम होती.

त्या वेळच्या जर्मन वीजबिलात आपल्याकडच्यासारखेच दोन भाग असत. एक दरमहा ठरलेला, म्हणजे आपल्या महावितरणच्या बिलात ज्याला ‘स्थिर आकार’ म्हणतात तो. दुसरा युनिटप्रमाणे. स्थिर आकार जड असेल तर काय होतं ते आपल्या रुपयांत मांडून बघू. आकडे माझे आहेत, निव्वळ हिशेब कळावा म्हणून घेतलेले.

एका घराला महिन्याला २०० युनिट लागतात आणि बिल येतं १५०० रुपये. समजा त्यातले ७०० रुपये स्थिर आणि युनिटचा दर ४ रुपये. घराने कसून बचत करून वापर १५० युनिटवर आणला. वापर २५ टक्क्यांनी उतरला, पण बिल झालं १३०० रुपये, म्हणजे जेमतेम १३ टक्के कमी. आता तेच १५०० रुपये निव्वळ युनिटवर आकारा, युनिटला साडेसात रुपये. १५० युनिटचे होतात ११२५. वापर जितका उतरला तितकंच बिल उतरलं.

एकट्या राहणाऱ्या आजींचं बघा. त्यांना महिन्याला ६० युनिट पुरतात. पहिल्या पद्धतीत त्यांचं बिल ९४० रुपये, युनिटमागे साडेपंधरा रुपयांच्या वर. दुसऱ्या पद्धतीत ४५०. पहिल्या पद्धतीत कमी वापरणारा महाग वीज घेतो आणि उधळणारा स्वस्त. अशा बिलासमोर बचतीचे धडे किती दिवस टिकणार?

गटाने हे गाऱ्हाणं वीज कंपनीकडे नेलं. शोनाऊला वीज पुरवणारी प्रादेशिक कंपनी राइनफेल्डनची होती आणि तिचा तिथे एकाधिकार होता. मागण्या साध्या होत्या. स्थिर आकार कमी करा आणि तो भार युनिटवर टाका. गावात कुणी छोट्या जलविद्युत संचातून किंवा वीज आणि उष्णता एकदम देणाऱ्या लहान यंत्रातून (सहनिर्मिती संचातून) वीज तयार करत असेल तर तिला बरा भाव द्या. कंपनीने दाद दिली नाही. तिच्या जागी बसून पाहिलं तर यात नवल नाही. जितकी वीज खपेल तितका तिचा फायदा, आणि जड स्थिर आकार म्हणजे बसल्याजागी पक्कं उत्पन्न. गिऱ्हाइकाने माल कमी घ्यावा म्हणून कोण दुकानदार दर बदलेल?

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता तेच चालू ठेवायचा : स्पर्धा, पत्रकं, कार्यक्रम. खर्च नगण्य, वैर कुणाशी नाही. पण स्पर्धेला उतरणारी घरं मुळात आस्था असलेलीच असतात. उरलेल्या गावाला हात लागत नाही.

दुसरा, स्वतः वीज तयार करण्याचा. हा त्यांनी आजमावलाही. १९९० मध्ये एक छोटी कंपनी काढून लोकांचे पैसे लहान जलविद्युत आणि सहनिर्मितीच्या संचांत गुंतवले. वीज तयार झाली, पण ती जाणार त्याच कंपनीच्या तारांतून आणि भाव ठरवणार तीच कंपनी.

तिसरा पर्याय कायदा बदलण्याची वाट पाहण्याचा. बऱ्याच सहकारी उपक्रमांचं इथेच घोडं अडतं. धोरण येईल, अनुदान येईल, मग बघू.

चौथा पर्याय ऐकायला वेडगळ होता. गावातल्या विजेच्या तारा, खांब, ट्रान्सफॉर्मर गावानेच विकत घ्यायचे. जर्मनीत नगरपालिका वीज कंपनीला रस्त्यांखालून-वरून तारा नेण्याचा परवाना ठरावीक वर्षांसाठी देते आणि शोनाऊचा करार १९९४ मध्ये संपणार होता. म्हणजे दार बंद नव्हतं, फक्त ते उघडेपर्यंत थांबायला हवं होतं. पण त्यासाठी घरातली वीज वाचवू पाहणाऱ्या पालकांनी वीज वितरण कंपनी चालवायला शिकायचं होतं.

त्यांनी चौथा पर्याय तडकाफडकी निवडला असं नाही. ते तिथवर ढकलले गेले.

निर्णयाचे टप्पे

कंपनीला याची कुणकुण लागली होती. करार संपायला चार वर्षं असतानाच तिने नगरपालिकेला सांगितलं की आत्ताच नवा करार करा, आम्ही एक लाख मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) देतो. छोट्या नगरपालिकेला ही रक्कम मोठी होती. गटाने नगरसेवकांना विनवलं की वीस वर्षांसाठी हात बांधून घेऊ नका. उत्तर आलं की एक लाख मार्कांवर पाणी कसं सोडायचं? मग गटाने गावातूनच तितके पैसे उभे करून देऊ केले. सही न करण्याचे एक लाख मार्क. त्यासाठी स्थापलेल्या नागरिकांच्या संस्थेचं नाव ‘नेट्झकाउफ’, म्हणजे सरळसरळ जाळं-खरेदी.

१९९१ च्या जुलैमध्ये नगरपालिकेने तरीही कंपनीच्या बाजूने ठराव केला. आता एकच रस्ता उरला, गावाचं सार्वमत. २७ ऑक्टोबर १९९१ ला मतदान झालं आणि ५५.७ टक्के मतांनी ठराव उलटला.

इथे थांबून पाहण्यासारखं आहे. हे मतदान अणुऊर्जेवर नव्हतं आणि सौरऊर्जेवरही नव्हतं. गावाने कौल दिला तो आपल्या बिलाचे नियम कोण ठरवणार यावर. डॉक्टरसाहेब उद्या लाइनमनचं काम करणार का, दिवे गेले तर कोण येणार, कारखान्याला वीज महाग पडली तर, या शंका खऱ्या होत्या आणि विरोधकांनी त्या पुरेपूर वापरल्या. गट घरोघर फिरला तो या शंकांची उत्तरं देत. प्रत्येक घरात वीजबिल काढून बोलणं झालं तर घराच्या वापरावर त्याचा परिणाम होतो, सभासदत्व घ्यायच्या आधीपासून. माझ्या मते शोनाऊतलं खरं ऊर्जाशिक्षण स्पर्धांत जितकं झालं तितकंच या दारोदारच्या प्रचारात झालं.

१९९४ मध्ये वीज कंपनी नोंदवली गेली, ‘ई-वे-एस’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. नोव्हेंबर १९९५ मध्ये नगरपालिकेने परवाना तिला देण्याचं ठरवलं. विरोधकांनी आता सार्वमताचं तेच हत्यार उलटं फिरवलं. १० मार्च १९९६ ला दुसरं मतदान. या वेळी चुरस जास्त, मतदान जास्त आणि निसटता विजय : ५२.४ टक्के. म्हणजे गावातली जवळजवळ निम्मी मतं विरोधात. एवढ्याशा वस्तीत पाव आणायला गेलेल्या माणसाला रांगेत पुढचा आणि मागचा कोणत्या बाजूचा आहे हे माहीत असतं. उद्या याच लोकांच्या घरी बिलं पाठवायची होती.

शेवटचा टप्पा किमतीचा. जुन्या कंपनीने गावच्या जाळ्याचे मागितले ८७ लाख मार्क. गटाच्या तज्ज्ञांच्या हिशेबाने ते होत होते ३९ लाख. आता काय करायचं? न्यायालयात जाऊन रास्त किंमत ठरवून घ्यावी तर काही वर्षं जाणार, तोवर तारा कंपनीकडेच राहणार आणि गावाचा उत्साह ओसरणार. मागितलेली किंमत मुकाट द्यावी तर नवी कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली जन्मणार आणि बिलं स्वस्त ठेवणं अशक्य होणार. त्यांनी मधला मार्ग धरला. किंमत मान्य नाही असं लिहून ठेवून पैसे भरायचे, ताबा घ्यायचा, आणि भांडण नंतर लढायचं.

भागभांडवल लोकांकडून आलं होतं, शोनाऊबाहेरच्या लोकांकडूनही, आणि त्यात जीएलएस या सामाजिक बँकेने मोठा हात दिला. फरकाची रक्कम मात्र गुंतवणूक म्हणून कुणाकडे मागता येत नव्हती. ती बुडीत जाण्याचीच शक्यता जास्त. तिच्यासाठी देणग्या गोळा करायचं ठरलं. एका जाहिरात संस्थेने फुकट मोहीम आखून दिली. साध्यासुध्या माणसांचे फोटो आणि खाली ओळ : ‘मी एक बिघाड आहे.’ अणुभट्टीतल्या दुर्घटनेला जो शब्द वापरतात तोच त्या माणसांनी स्वतःला लावून घेतला. काही आठवड्यांत २० लाखांच्या घरात मार्क जमले. दरम्यान कंपनीने आपली मागणी खाली आणली, आणि ५७ लाखांच्या आसपास रक्कम भरून १ जुलै १९९७ रोजी गावाचं वीजजाळं गावाच्या कंपनीकडे आलं. पुढे न्यायालयीन लढ्यातून जास्त घेतलेले पैसे बरेचसे परतही मिळाले.

परिणाम

हाती तारा आल्यावर दहा वर्षांपूर्वीच्या दोन्ही मागण्या त्यांना स्वतःलाच पूर्ण करता आल्या. स्थिर आकार हलका ठेवला, भार युनिटवर टाकला. घरगुती उत्पादकांना बरा भाव दिला. १९९९ मध्ये गावातल्या प्रॉटेस्टंट चर्चच्या छपरावर सौर पॅनेल चढले. जे गाव अजूनही दुभंगलेलं होतं, त्यात चर्चने आपलं छप्पर देणं ही साधी गोष्ट नव्हती. जर्मनीतला वीजबाजार १९९८ मध्ये खुला झाला, म्हणजे ग्राहकाला आपला पुरवठादार निवडता येऊ लागला. छोटी कंपनी गिळली जाण्याचा धोका होता, पण झालं उलटं. शोनाऊची वीज देशभरातून मागवली जाऊ लागली आणि ग्राहकांची संख्या पुढे लाखाच्या वर गेली. २००९ मध्ये सगळी रचना रीतसर सहकारी संस्थेत आणली गेली. २०११ मध्ये उर्सुला स्लाडेक यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

ही यशोगाथा सगळीकडे सांगितली जाते. मला तिच्यातली एक खोच जास्त महत्त्वाची वाटते.

संस्था मोठी झाली तसं सभासद आणि बिल यांच्यातलं नातं बदललं. शोनाऊतल्या घराला आपल्या तारा आपल्या आहेत हे माहीत होतं. हॅम्बुर्गमधल्या ग्राहकाच्या भिंतीवरची तार तिथल्याच कंपनीची राहिली आणि तिचं भाडंही तिथलंच. शोनाऊच्या हातात उरला बिलाचा फक्त एक तुकडा. दूरच्या ग्राहकासाठी संस्थेने ‘सूर्य-सेंट’ काढला, प्रत्येक युनिटमागे काही सेंट जास्त द्यायचे आणि त्यातून नवे छोटे वीजप्रकल्प उभे करायचे. कल्पना चांगली आणि तिने कामही केलं. पण हिशेब नीट पाहा. जो जास्त वीज वापरेल तो जास्त सेंट देईल. बचतीतून जन्मलेल्या संस्थेच्या एका निधीचं उत्पन्न आता वापर वाढला की वाढतं! याच्या जोडीला माणसाचा स्वभाव आहेच : वीज स्वच्छ आहे ना, मग चालू दे गीझर. हा धोका खरा किती आणि कागदावरचा किती हे ज्या त्या घराच्या मीटरवरच कळेल, पण संस्थेने तो गृहीत धरून चालायला हवं.

सभासद खरंच कमी वीज वापरतात का?

या प्रश्नाचं उत्तर शोनाऊपेक्षा बेल्जियमच्या फ्लँडर्समधल्या इकोपॉवर या सहकारी संस्थेकडे पाहून जास्त चांगलं समजतं. १९९१ मध्ये स्थापन झालेली ही संस्था. २५० युरोचा एक भाग घेतला की सभासद, आणि भाग कितीही असोत, मत एकच. २००३ पासून ती घरांना वीज पुरवते, तीही फक्त सभासदांना. बरीच वर्षं तिने स्थिर आकार ठेवलाच नव्हता. सगळ्या युनिटना एकच दर, दिवसा-रात्रीचा फरकही नाही.

फ्लँडर्समध्ये सरासरी घराचा मापदंड म्हणून वर्षाला ३५०० युनिट धरतात. इकोपॉवरच्या सभासदांचा जाळ्यातून घेतलेला वापर त्याच्या बराच खाली असतो, हे संस्था आनंदाने सांगते. पण यात तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आहेत आणि त्या सोडवल्याशिवाय ‘सहकारामुळे बचत झाली’ म्हणणं म्हणजे उतावीळपणा.

एक, मुळात कोण सभासद होतं. स्थिर आकार नसलेलं बिल कमी वापरणाऱ्यालाच परवडतं, म्हणून कमी वापरणारी घरंच ओढीने येतात. दोन, पुष्कळ सभासदांच्या छपरावर स्वतःचे पॅनेल. तिथले जुने मीटर ऊन असताना उलटे फिरत, आणि वर्षाअखेरीस उरलेला फरक तेवढा दिसे. घरात वापर तोच असताना मीटरवर तो अर्धा दिसू शकतो. तीन, खरोखरची बचत : जुनं यंत्र बदलणं, घराला उष्णतारोधक आवरण घालणं, आपला वापर दर महिन्याला नोंदवून मागच्या वर्षाशी ताडून पाहणं. संस्थेचा प्रभाव मोजायचा तर तो या तिसऱ्यात आणि थोडासा दुसऱ्यात. पहिल्याचं श्रेय तिला देता येत नाही.

तरीही मी तिसरा भाग नगण्य मानत नाही. वापर कमी करायला सांगणारा विक्रेता विश्वासार्ह वाटतो कधी? त्याचा त्यात तोटा असेल आणि तरी तो सांगत असेल तेव्हा. सहकारी संस्थेत नफ्याची घाई नसते, लाभांशाला मर्यादा असते, आणि बिल पाठवणारा नि बिल भरणारा वार्षिक सभेत एकाच खोलीत बसतो. पवनचक्कीत आपला वाटा आहे म्हणून कुणी दिवा मालवत नाही. आपल्या लोकांनी पाठवलेलं बिल माणूस उघडून वाचतो, एवढंच. वापर बदलायला तिथून सुरुवात होते.

पुन्हा करायचं झालं तर

स्थिर आकार शून्यावर आणण्याचा निर्णय मी आज डोळे झाकून घेणार नाही. तारा, खांब, मीटर, बिघाडाची गाडी हे सगळे खर्च वापर कमी झाल्याने कमी होत नाहीत. सगळा भार युनिटवर टाकला की ज्यांच्या छपरावर पॅनेल आहेत ते जवळजवळ सुटतात आणि भाड्याच्या घरात राहणारे, ज्यांना पॅनेल लावताच येत नाहीत, ते त्यांचाही वाटा भरतात. फ्लँडर्समध्ये यावरून बराच वाद झाला. तिथे २०१५ मध्ये पॅनेलवाल्यांवर वेगळा आकार बसला. उलट्या फिरणाऱ्या मीटरची सवलत पंधरा वर्षं राहील असं सरकारने सांगून ठेवलं होतं, ते घटना न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये रद्द केलं. आणि जानेवारी २०२३ पासून जाळ्याच्या आकाराचा मोठा भाग घराच्या मासिक शिखर-मागणीवर बसू लागला. म्हणजे एकाच वेळी ओव्हन, वॉशिंग मशीन आणि गाडीचं चार्जिंग लावलं तर जास्त पैसे. ‘किती’ वापरलं याच्या जोडीला ‘एका दमात किती’ हा प्रश्न आला, आणि वर्षानुवर्षं युनिट मोजायला शिकवलेल्या सभासदांना आता घड्याळ बघायला शिकवावं लागतंय. स्थिर आकार हलका पण शून्य नाही, आणि कमी वापराच्या घराला संरक्षण, असा मधला आकडा सभेत सर्वांसमोर ठरवणं मला जास्त न्याय्य वाटतं.

दुसरं, दर बदलण्याआधीचं किमान वर्षभराचं वाचन जपून ठेवावं, सभासदांचं आणि शेजारच्या बिगरसभासदांचंही. नाहीतर दहा वर्षांनी कुणी विचारलं की तुमच्यामुळे काय बदललं, तर सांगायला गोष्ट असते, आकडा नसतो.

तिसरं, शोनाऊची दहा वर्षं करार, मतदान आणि मूल्यांकन यांत गेली. त्या काळात बचतीचं काम मागे पडणं साहजिक होतं. दोन कामांना दोन वेगळ्या तुकड्या हव्यात. कायद्याचं काम करणारी माणसं संध्याकाळी फ्रीझरचा वापर मोजायला जाऊ शकत नाहीत.

पैसे आधी आणि भांडण नंतर हा निर्णय मात्र मी जसाच्या तसा घेईन.

आपल्याकडे कुठे लागू पडतं

महाराष्ट्राला वीज सहकार नवा नाही. श्रीरामपूर परिसरातली मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था कित्येक वर्षं खेड्यापाड्यांत वीज वाटत होती. २०११ मध्ये तिचा परवाना संपला आणि काम महावितरणकडे गेलं. पण तिचा जन्म वीज पोहोचवण्यासाठी होता, वापर कमी करण्यासाठी नव्हे, आणि तो काळही तसाच होता. शोनाऊशी जवळचं नातं आज लागतं ते शहरांतल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचं, ज्यांच्या गच्च्यांवर आता पॅनेल दिसू लागलेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. सामायिक म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, पार्किंगमधलं चार्जिंग. संस्थेचं सामायिक वीजबिल उतरतं, सचिव वार्षिक सभेत तो आकडा वाचून दाखवतात, टाळ्या पडतात. पण उरलेले पैसे मासिक देखभाल खर्चात मिसळून जातात आणि तो खर्च सदनिकेमागे सारखा किंवा चौरस फुटांवर वाटलेला असतो. चौथ्या मजल्यावरच्या घराने एसी २४ वर ठेवला काय नि १८ वर ठेवला काय, त्या घराला या सौरऊर्जेतून मिळणारा फायदा तोच. बिलाचा जो धागा शोनाऊने दहा वर्षं धरून ठेवला, तो इथे गच्चीवरच तुटतो.

जोडायचा असेल तर साधने हाताशी आहेत. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा स्तंभालेख छापलेला असतोच. सदस्यांनी खुशीने दिलेले आकडे, नावं न लिहिता, सदनिकेच्या आकारानुसार गट पाडून लिफ्टशेजारच्या फलकावर लावता येतात. सामायिक बिलातली बचत देखभालीत न जिरवता वेगळ्या खात्यात ठेवून त्यातून जुने पंखे बदलायला, एलईडी घ्यायला सदस्यांना हातभार लावता येतो. आणि पंप कधी चालवायचा हे ठरवताना टाकी पहाटे अंधारात भरण्याऐवजी ऊन वर आल्यावर भरायची, एवढं वॉचमनला सांगून ठेवलं तरी पॅनेलची वीज जागच्या जागी वापरली जाते. शेवटच्या गोष्टीला तर सभेचा ठरावही लागत नाही. पण सकाळी सातला नळाला पाणी कमी आलं की पहिला फोन सचिवांना येणार, म्हणून टाकी आदल्या दुपारी भरून ठेवायची व्यवस्था आधी करावी आणि वेळ मग बदलावी.